लोखंडी खवल्यांची गोगलगाय
हिंदी महासागराच्या तळाशी सापडलेल्या एका मृदुकाय प्राण्याची कथा

सूर्य हा सर्व जीवसृष्टीचा पोशिंदा आहे, असे आपण लहानपणापासून शिकत आलो आहो. शेतातील ज्वारीचे ताट सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न तयार करते; त्या ताटावर बैल पोसतो आणि कणसावर माणूस. समुद्रातही तोच क्रम चालतो. पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती प्रकाशाच्या बळावर वाढतात, त्यांना लहान जीव खातात आणि लहानांना मोठे. जेथे प्रकाश पोहोचत नाही तेथे वरून गळून पडणाऱ्या उष्ट्यामाष्ट्यावर थोडेफार जीव कसेबसे गुजराण करीत असावेत, अशी शास्त्रज्ञांची दीर्घकाळ समजूत होती. एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने तर 1843 च्या सुमारास असा तर्क मांडला होता की, सुमारे 300 वाव, म्हणजे साडेपाचशे मीटर खोलीच्या खाली जीवसृष्टी नसावीच. 1872 ते 1876 या काळात चॅलेंजर जहाजाने केलेल्या जगप्रसिद्ध सफरीने हा तर्क खोटा ठरविला. तथापि खोल समुद्राचा तळ म्हणजे एक थंडगार, काळोखे आणि दरिद्री वाळवंट होय, ही कल्पना मात्र आणखी शंभर वर्षे टिकून राहिली.

ती कल्पना कशी ढासळली आणि त्यानंतर आपल्याच हिंदी महासागरात लोखंडी खवले धारण करणारी एक विलक्षण गोगलगाय कशी सापडली, हे या लेखात सांगावयाचे आहे.

काळोखातील उपवन

1977 साली पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटांजवळ भूशास्त्रज्ञांची एक तुकडी समुद्रतळाचे निरीक्षण करीत होती. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तबकांचे बनलेले असून ती एकमेकांपासून जेथे दूर सरकतात तेथे खालचा तप्त शिलारस वर येतो. अशा ठिकाणी गरम पाण्याचे झरे असले पाहिजेत, असा त्यांचा अंदाज होता. ‘अल्विन’ या लहानशा पाणबुडीतून सुमारे 2500 मीटर खोल उतरल्यावर त्यांना झरे तर दिसलेच. परंतु त्याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे त्या झऱ्यांभोवती जीवांची दाटी झालेली होती. वीतभर लांबीचे पांढरे शिंपले खडकांच्या भेगांत ओळीने बसले होते, कालवांसारख्या प्राण्यांचे थर साचले होते आणि लाल तुऱ्याचे, माणसाहूनही उंच होणारे नलिकाकृमी उभे होते.

या सफरीवर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता! प्राणी टिकवून ठेवण्याची द्रव्येही पुरेशी नव्हती. तेव्हा थोडेसे फॉर्मॅलिन आणि पनामाहून आणलेले मद्य यांवरच काम भागवावे लागले. त्या शिंपल्याचे शास्त्रीय वर्णन 1980 मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यास ‘कॅलिप्टोजेना मॅग्निफिका’, म्हणजे भव्य कॅलिप्टोजेना, असे नाव मिळाले. झऱ्यांजवळच्या मृदुकाय प्राण्यांच्या नामकरणाची ती सुरुवात होय.

आपल्या देशातही उष्णोदकाचे झरे पुष्कळ आहेत. हिमाचलातील मणिकर्ण, बिहारमधील राजगीर, ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी ही स्थाने प्रसिद्धच आहेत. कोकणात तर उन्हाळे, उन्हवरे अशी गावांची नावेच अशा झऱ्यांवरून पडली आहेत. परंतु समुद्रतळावरील झऱ्यांची प्रकृती निराळी. तेथील पाणी खडकांच्या भेगांतून खोल मुरते, शिलारसाच्या सान्निध्यात तापते आणि लोह, तांबे, जस्त, गंधक अशी द्रव्ये विरघळवून घेऊन उसळी मारून वर येते. त्याचे तापमान कित्येकदा 350 अंश सेल्सियसच्याही वर जाते. तरीही ते उकळत नाही, कारण अडीच हजार मीटर खोलीवर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे 250 पट असतो. हे तप्त पाणी भोवतालच्या अवघ्या दोन अंश तापमानाच्या थंड पाण्यात मिसळताच विरघळलेले धातू सल्फाइडांच्या बारीक काळ्या कणांच्या रूपाने बाहेर पडतात. दुरून पाहता एखाद्या कारखान्याच्या धुराड्यातून काळा धूर निघावा तसे ते दृश्य दिसते. हे कण साचत जाऊन खरोखरच दगडी धुराडी उभी राहतात.

सूर्याविना अन्न

इतक्या जीवांना तेथे अन्न मिळते कोठून? या प्रश्नाचे उत्तर अंशतः फार पूर्वीच सापडलेले होते. सर्गेई विनोग्रॅड्स्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात असे दाखवून दिले होते की, काही जीवाणू प्रकाशाऐवजी गंधकासारख्या द्रव्यांच्या रासायनिक क्रियेतून जीवनशक्ती मिळवितात. झऱ्याच्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड हा वायू विरघळलेला असतो. कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू आपणांस विषारी; परंतु या जीवाणूंना तो शिदोरीच होय. प्राणवायूच्या साहाय्याने ते त्याचे ज्वलन घडवून आणतात आणि त्यातून मिळालेल्या शक्तीने पाण्यातील कार्बन डाय-ऑक्साइडपासून अन्न तयार करतात. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाच्या जोडीला हे ‘रासायनिक संश्लेषण’ होय.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. या क्रियेस लागणारा प्राणवायू हा शेवटी पृष्ठभागाजवळील हिरव्या वनस्पतींनीच निर्माण केलेला असतो. तेव्हा ही सृष्टी सूर्यापासून सर्वस्वी स्वतंत्र आहे असे म्हणता येणार नाही. मात्र तिचे अन्न सूर्यप्रकाशाने शिजविलेले नसते, एवढे निश्चित.

1981 मध्ये कोलीन कॅव्हनॉ या अमेरिकन संशोधिकेने याहून पुढचे पाऊल टाकले. नलिकाकृमीस तोंडही नाही आणि आतडेही नाही, तेव्हा त्याच्या शरीरातच असे जीवाणू नांदत असून तेच त्यास पोसतात, हे त्यांनी दाखवून दिले. झऱ्यांजवळच्या शिंपल्यांत आणि गोगलगायींतही पुढे हाच प्रकार आढळला. प्राण्याने जीवाणूंना निवारा द्यावा आणि जीवाणूंनी त्यास अन्न द्यावे, असा हा परस्परांचा सहवास आहे.

पर्वतरांगांचा त्रिवेणी संगम

पॅसिफिक आणि अटलांटिक महासागरांत अशी अनेक ठिकाणे सापडली तरी हिंदी महासागराचा तळ बराच काळ अज्ञात राहिला होता. 2000 साली जपानी संशोधकांनी ‘काइको’ या दूरनियंत्रित यंत्राच्या साहाय्याने तेथील जिवंत सृष्टी असलेला पहिला झरा पाहिला. हे स्थान मॉरिशसच्या आग्नेयेस दूरवर, सुमारे 25 अंश दक्षिण अक्षांशावर आणि 2400 मीटरांहून अधिक खोलीवर आहे. हिंदी महासागराच्या तळावरील तीन पर्वतरांगा तेथे एकत्र येतात. आपल्याकडील शब्द वापरावयाचा तर तो पर्वतरांगांचा त्रिवेणी संगमच होय. जपानी जहाजाच्या नावावरून या झऱ्याच्या क्षेत्रास ‘काइरेई’ असे नाव पडले.

दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 2001 मध्ये, सिंडी ली व्हॅन डोव्हर यांच्या नेतृत्वाखाली एक अमेरिकन मोहीम तेथे पोहोचली. धुराड्यांच्या पायथ्याशी त्यांना सुपारीएवढ्या ते लिंबाएवढ्या काळसर गोगलगायींचे पुंजके दिसले. वर आणून पाहतात तो काय, गोगलगायीच्या मऊ पायाच्या दोन्ही बाजूंवर कौलारू घराच्या छपराप्रमाणे एकावर एक चढविलेले शेकडो कठीण खवले! आपल्या रानांतील खवल्या मांजराच्या अंगावर जशी रचना असते तशीच ही. आणि नवल असे की, हे खवले लोहचुंबकाकडे ओढले जात होते.

आंदेर्स वारेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये या खवल्यांचे परीक्षण प्रसिद्ध केले. खवल्यांवर लोह आणि गंधक यांच्या संयुगांचा, म्हणजे पायराइट व ग्रेगाइट या खनिजांचा, मुलामा होता. यांपैकी ग्रेगाइट चुंबकीय असते. आपल्या सांगाड्यात लोह सल्फाइडाचा असा उपयोग करणारा दुसरा कोणताही प्राणी आजवर आढळलेला नाही.

तीन पदरी कवच, मोठे हृदय

या गोगलगायीचा शंखही सामान्य नाही. समुद्रकिनाऱ्यावर आपण वेचतो ते शंख मुख्यतः चुनखडीचे असतात. या प्राण्याच्या शंखास तीन पदर आहेत : बाहेरचा लोह सल्फाइडाचा, मधला जाड व लवचिक सेंद्रिय द्रव्याचा आणि आतला चुनखडीचा. 2010 साली अमेरिकेतील अभियंत्यांनी या रचनेची परीक्षा केली. बाहेरून आघात झाला असता कठीण पदरात बारीक तडे जाऊन आघाताची शक्ती तेथेच खर्च होते, मधला पदर उरलेला धक्का शोषून घेतो आणि आतील नाजूक पदर शाबूत राहतो, असे त्यांना दिसून आले. उत्तम ढाल कशी घडवावी याचा हा जणू एक वस्तुपाठच.

शरीराच्या आतील रचना तर याहून उद्बोधक आहे. या प्राण्याचे आतडे अगदी लहान आहे. कारण त्यास अन्न शोधून खाण्याची विशेष गरजच नाही. त्याच्या अन्ननलिकेजवळची ग्रंथी प्रचंड वाढलेली असून तीत असंख्य जीवाणू वस्ती करून असतात. मात्र या पाहुण्यांना प्राणवायू आणि हायड्रोजन सल्फाइड या दोहोंचा अखंड पुरवठा करावा लागतो. त्यासाठी रक्ताभिसरण जोरदार हवे. म्हणूनच या गोगलगायीचे हृदय तिच्या शरीराच्या आकारमानाच्या सुमारे चार टक्के भरते. माणसाच्या हृदयाचे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी आहे. हे मोठे हृदय तिच्या स्वतःच्या धावपळीसाठी नाही. ते तिच्या अंगातील जीवाणूंच्या भरणपोषणासाठी आहे.

चिलखत कोणासाठी?

प्रारंभी अनेकांस वाटले की, हे खवले शत्रूंपासून संरक्षण करण्यासाठीच असणार. तो तर्क स्वाभाविकच होता. परंतु 2009 साली जपानी संशोधकांनी ‘शिंकाई 6500’ या पाणबुडीतून ‘सॉलिटेअर’ नावाचे आणखी एक क्षेत्र शोधून काढले. तेथे हीच गोगलगाय होती, खवलेही तसेच होते. पण रंग पांढरा! त्यांवर लोह सल्फाइडाचा लेप नव्हता. तेथील झऱ्याच्या पाण्यात लोहाचे प्रमाण फारच कमी होते. लोखंडी लेपावाचूनही या गोगलगायी तेथे सुखाने नांदत होत्या. म्हणजे लोह हे त्यांच्या जीवनास अपरिहार्य नव्हते.

2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या कोड्यावर नवा प्रकाश टाकला. खवल्यांच्या आत अतिसूक्ष्म नळ्यांसारखी रचना असून तीतून गंधक बाहेरच्या दिशेने झिरपते. बाहेरील पाण्यातून आत येणाऱ्या लोहाशी त्याचा संयोग होऊन लोह सल्फाइडाचे सूक्ष्म कण बनतात. अंगातील जीवाणूंच्या व्यवहारात उत्पन्न होणारे नकोसे गंधक शरीराबाहेर टाकण्याचा हा मार्ग असावा, असे या संशोधकांचे मत आहे. आपण ज्यास चिलखत समजत होतो ते मुळात घरातील केर बाहेर टाकण्याचे साधन असू शकेल! शास्त्रात प्रथमदर्शनी सुचलेले उत्तर पुन्हा पुन्हा तपासून पाहावे लागते, याचे हे एक चांगले उदाहरण होय.

नाव ठेवण्यास चौदा वर्षे

2001 साली सापडलेल्या या प्राण्यास शास्त्रसंमत नाव मिळाले ते 2015 मध्ये. मधली चौदा वर्षे ते नाव केवळ तोंडी आणि कच्च्या स्वरूपात वावरत होते. एवढा विलंब का लागावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल.

नवी जाती ‘सापडली’ असे म्हणणे सोपे आहे. ती नवी आहे हे सिद्ध करणे मात्र कष्टाचे काम आहे. प्राण्यांच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम ठरलेले आहेत. संशोधकास एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून निवडावा लागतो, तो सर्वांना पाहता येईल अशा संग्रहालयात ठेवावा लागतो आणि जवळच्या जातींहून तो कोणत्या लक्षणांनी निराळा आहे हे छापून प्रसिद्ध करावे लागते. त्यासाठी शंखाची मापे घ्यावी लागतात. जिभेवरील सूक्ष्म दातांची पट्टी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. मऊ भागांचे काप काढावे लागतात आणि आनुवंशिक द्रव्याची तुलना करावी लागते. त्यातही या गोगलगायीचा स्वभाव अडचणीचा, कारण हवा व ओलावा लागताच तिच्या खवल्यांना लोखंडाप्रमाणे गंज चढू लागतो!

2011 च्या नोव्हेंबर महिन्यात ‘जेम्स कुक’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने हिंदी महासागराच्या नैर्ऋत्येकडील पर्वतरांगेवर, सुमारे 2780 मीटर खोल असलेल्या ‘लुंगची’ या क्षेत्रातून पुष्कळ नमुने आणले. लुंगची या चिनी नावात ‘ड्रॅगन’ हा अर्थ आहे. या नमुन्यांच्या आधारे चोंग चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये या प्राण्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले आणि ‘क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम’ हे नाव कायम झाले. पहिल्या शब्दाचा अर्थ सोनेरी केसांचा, कारण पायराइट सोन्यासारखे चमकते. दुसऱ्याचा अर्थ खवले धारण करणारा. आनुवंशिक तुलनेवरून असेही दिसून आले की, काइरेई आणि सॉलिटेअर येथील काळ्या व पांढऱ्या गोगलगायी एकमेकींच्या जवळच्या आहेत. दोन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या लुंगचीच्या गोगलगायींशी मात्र त्यांचे दळणवळण फारच थोडे आहे. केवळ रंग पाहून कोणी जाती ठरविली असती तर फसगतच झाली असती.

याच्या उलट प्रकारही घडतो. ‘अल्विनिकोन्का’ या केसाळ शंखाच्या गोगलगायीचे वर्णन 1988 मध्ये मारियाना खंदकाजवळच्या नमुन्यांवरून झाले. तिच्या प्रजातीचे नाव अल्विन पाणबुडीवरूनच पडले. पुढे निरनिराळ्या समुद्रांत सापडलेल्या तशाच गोगलगायी शंखावरून ओळखता येईनात. अखेर आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षेने त्या भिन्न जातींच्या असल्याचे ठरले आणि 2014 च्या सुमारास पाच नव्या जातींना नावे मिळाली. यांपैकी काइरेई येथे राहणाऱ्या जातीचे नाव ‘मरिसइंडिका’, म्हणजे हिंदी महासागराची, असे आहे. एका ठिकाणी रंग वेगळा पण जाती एक. दुसऱ्या ठिकाणी रूप एक पण जाती अनेक! वर्गीकरणशास्त्राचे काम किती सावधपणाचे आहे, हे यावरून समजेल.

नावाचे मोल

कोणी विचारील, एका गोगलगायीच्या नावासाठी एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर 2019 साली मिळाले. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने आपल्या लाल यादीत या गोगलगायीची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून केली. समुद्रतळावरील खाणकामाच्या धोक्यामुळे या यादीत गेलेली ही पहिलीच जाती होय. तोवर तिची वस्ती केवळ तीन ठिकाणी ठाऊक होती आणि त्या तिन्ही ठिकाणांचे एकूण क्षेत्र सुमारे 0.02 चौरस किलोमीटर, म्हणजे पाच एकरांच्या आसपास भरत होते. एका मध्यम शेतकऱ्याच्या जमिनीएवढे! त्यानंतर आणखी काही ठिकाणी ती आढळली असली तरी तिचे विश्व लहानच आहे. नाव आणि वर्णन नसते तर ही नोंद करणे अवघड झाले असते. कारण ज्यास नाव नाही त्याची गणना होत नाही आणि ज्याची गणना नाही त्याचे रक्षण कोण करणार?

2021 मध्ये संशोधकांनी केवळ उष्ण झऱ्यांवरच राहणाऱ्या 184 मृदुकाय जातींचा असाच आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी 114 जातींना, म्हणजे शंभरातील सुमारे 62 जातींना, नष्ट होण्याचा धोका असल्याचे दिसून आले.

धोका कशाचा? झऱ्यांभोवती साचलेल्या सल्फाइडांत तांबे, जस्त, तसेच थोडे सोने व चांदीही असते. राष्ट्रीय सीमांपलीकडील समुद्रतळाचा कारभार जमेकातील किंग्स्टन येथे असलेले आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण पाहते. या प्राधिकरणाने निरनिराळ्या देशांना खनिजांच्या शोधासाठी क्षेत्रे नेमून दिली असून काइरेई व लुंगची ही स्थाने अशा क्षेत्रांत मोडतात. आपला देशही या कामात मागे नाही. 2016 साली भारताने या प्राधिकरणाशी करार करून हिंदी महासागरातील पर्वतरांगांवर 10,000 चौरस किलोमीटर क्षेत्रात सल्फाइडांचा शोध घेण्याचा हक्क मिळविला. हे करार शोध घेण्याचे आहेत, खणण्याचे नव्हेत. परंतु जेथे शोध होतो तेथे पुढे खाणीचा विचार होणे क्रमप्राप्त आहे. देशास धातूंची गरज आहे, हे खरे. त्याचबरोबर जे पाच एकरांत राहते ते एकदा खणून गेले तर पुन्हा आणता येणार नाही, हेही तितकेच खरे.

या सृष्टीचा अभ्यास आपल्या देशातही चालू आहे. 1966 मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी बंगालच्या उपसागरात कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या परिसरात मिथेन वायू झिरपणारी थंड स्थाने शोधून काढली आणि तेथे रासायनिक संश्लेषणावर जगणारी जीवसृष्टी असल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध केले. अर्थात ही नवलाई केवळ दूरदेशीच्या समुद्रांची मक्तेदारी नाही.

समुद्राला आपल्या पूर्वजांनी रत्नाकर म्हटले आहे. त्याच्या पोटात सोने आहे, तांबे आहे, आणि काळोखात, विषारी पाण्याच्या काठी, आपल्या लहानशा देहात मोठे हृदय बाळगणारी एक गोगलगायही आहे. यांपैकी रत्न कोणास म्हणावयाचे, हे ठरविण्यापूर्वी तेथे कोण कोण राहते याची मोजदाद पुरी झाली पाहिजे. ते काम अजून बरेच शिल्लक आहे. आज शाळेत हा लेख वाचणाऱ्या एखाद्या मुलास किंवा मुलीस उद्या त्या मोजदादीत एखाद्या नव्या जातीचे नाव लिहावयाचे भाग्य लाभेल, यात अशक्य असे काहीच नाही.